माळ्यावरून काढलेला व्हॉल्व्ह रेडिओ: प्लग लावण्याआधी काय करावे?

मध्यमलहरी (धागालेखक)

पंचवीस-तीस वर्षे माळ्यावर पडून राहिलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा) रेडिओ खाली आला, की बहुतेक घरांत पहिली कृती एकच होते. धूळ पुसली जाते, प्लग सॉकेटात जातो आणि 'लागतो का बघू या' म्हणून बटण फिरवले जाते. हा धागा काढण्यामागचे माझे पहिले कारण हेच आहे, की तसे कृपया करू नये. तो सेट ज्या दिवशी माळ्यावर गेला त्या दिवशी उत्तम वाजत असेल, तरीही करू नये. नुसते ठेवून दिल्याने व्हॉल्व्ह सहसा बिघडत नाहीत. बिघडतात ते कंडेन्सर (चार्ज साठवणारे भाग), आणि बिघडलेला एखादा कंडेन्सर पहिल्या काही मिनिटांतच आऊटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा मेन्स (घरच्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर जाळू शकतो. कंडेन्सर काही रुपयांत मिळतो. ट्रान्सफॉर्मर मात्र हाताने पुन्हा गुंडाळून घ्यावा लागतो, आणि ते काम नीट करणारे कारागीर आता शोधावे लागतात.

आपल्याकडे मर्फी, बुश, फिलिप्स, एचएमव्ही, टेलिफंकन, नॅशनल एको अशा नावांचे जे सेट सापडतात, त्यांतले बरेचसे १९५० आणि १९६० च्या दशकांतले असतात. काम सुरू करण्यापूर्वी मागचा पुठ्ठा काढून व्हॉल्व्हवरचे क्रमांक वाचून घ्यावेत, कारण सेट कोणत्या जातीचा आहे हे त्यांवरून कळते. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० असे 'ई'ने सुरू होणारे व्हॉल्व्ह असतील, तर त्यांचे फिलामेंट (आतली तापणारी तार) ६.३ व्होल्टचे असते आणि सेटमध्ये बहुधा मेन्स ट्रान्सफॉर्मर असतो. 'यू'ने सुरू होणारे असतील तर तो एसी-डीसी सेट आहे. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो आणि त्याच्या धोक्याविषयी स्वतंत्रपणे लिहावे लागेल. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ असे 'डी'चे व्हॉल्व्ह दिसले तर तो बॅटरीवरचा सेट आहे. वीज न पोहोचलेल्या गावांत तो चालत असे, आणि त्याला एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणाऱ्या उच्च डीसी दाबासाठी, ९० व्होल्टची व फिलामेंटसाठी दीड व्होल्टची बॅटरी लागे.

यानंतर मी पाहतो ते दोनच कंडेन्सर, आणि माझ्या मते निम्मी दुरुस्ती त्यांतच सामावलेली असते.

पहिला म्हणजे एचटीचा फिल्टर कंडेन्सर, ॲल्युमिनियमच्या नळकांड्यातला, ज्यावर '३२+३२' किंवा '५०+५० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट' असे लिहिलेले असते. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने त्याच्या आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. पूर्ण दाब एकदम दिला तर तो शॉर्टसारखा वागतो आणि एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायर व्हॉल्व्हला सोबत घेऊन जातो. बाहेरून डीसी देऊन, दहा ते सत्तेचाळीस किलोओहमच्या रेझिस्टरमधून, काही तास सावकाश दाब वाढवत नेला, तर पुष्कळदा तो पुन्हा कामाचा होतो. फुगलेला किंवा चिकट द्राव गळलेला असेल तर मात्र त्याच्यावर वेळ घालवू नये. नवा बसवताना 'जास्त असेल तर चांगलेच' म्हणून १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा बसवण्याचा मोह टाळावा. ईझेड ८० या रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ५० मायक्रोफॅरड आहे. त्यापुढे गेल्यास चार्जिंगच्या प्रवाहाचे झटके व्हॉल्व्हच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) सोसत नाहीत.

दुसरा कंडेन्सर आकाराने किरकोळ, पण फार महत्त्वाचा. आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून (बाहेर पडण्याच्या टोकापासून) आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत (आत जाण्याच्या टोकापर्यंत) आवाज नेणारा हा कपलिंग कंडेन्सर बहुधा ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो. जुन्या सेटमध्ये तो कागद आणि मेणाचा, किंवा वर डांबर चढवलेला असतो, आणि आपल्या पावसाळ्यांत त्या कागदाने ओल धरलेली असते. त्यातून अगदी थोडा डीसी गळाला, तरी जी ग्रिड शून्यावर असायला हवी ती पॉझिटिव्ह होते, आऊटपुट व्हॉल्व्ह मर्यादेबाहेर प्रवाह ओढतो, आणि तो प्रवाह ज्या केसासारख्या बारीक तारेतून जातो ती आऊटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटते. हा कंडेन्सर मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घालतो. मेन्सच्या दोन तारांमध्ये लावलेला कंडेन्सर असेल तर तिथे एक्स-२ वर्गाचाच घालावा, आणि मेन्सपासून चेसिसपर्यंत (आतल्या पत्र्याच्या सांगाड्यापर्यंत) जाणारा असेल तर वाय-२ वर्गाचा.

एवढे झाले, रबराचे आवरण झडलेल्या तारा बदलल्या आणि उंदराने आत काही कुरतडलेले नाही याची खात्री झाली, की पहिली वीज सिरीज लॅम्पमधून द्यावी. मेन्सच्या मार्गात साठ वॉटचा जुना, तारेचा बल्ब जोडावा. एलईडी दिवा इथे निरुपयोगी आहे. सेटमध्ये शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो. तो क्षणभर उजळून मंद झाला, तर पुढे जायला हरकत नाही. सेटच्या मागे व्होल्टेजचे टॅप (दाब निवडण्याच्या जोडण्या) असतील तर ते २२० वर आहेत की २४५ वर हेही पाहावे, कारण आपल्याकडे सॉकेटात आज २३० पेक्षा जास्त दाब पुष्कळदा असतो आणि वरचा टॅप निवडणे व्हॉल्व्हच्या हिताचे असते.

ईएल ८४ हा आऊटपुट व्हॉल्व्ह असलेल्या सेटमध्ये मी पहिले मोजमाप कॅथोडवर घेतो. तिथला रेझिस्टर साधारण १३५ ते १५० ओहमचा असतो आणि त्यावर सात व्होल्टच्या आसपास दाब मिळायला हवा, म्हणजे सुमारे ५० मिलिअँपिअर. बारा-तेरा व्होल्ट दिसले तर ताबडतोब बंद करावे. ग्रिडवर कुठून तरी पॉझिटिव्ह दाब येत आहे किंवा व्हॉल्व्ह खराब आहे.

ज्यांच्याकडे असे सेट आहेत त्यांनी व्हॉल्व्हचे क्रमांक आणि लक्षणे येथे लिहावीत. सेटसोबत परवान्याचे जुने पुस्तक सापडले तर तेही जपून ठेवावे. पोस्टात जाऊन रेडिओचा परवाना नवा करून घेण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत होती, आणि त्या पुस्तकावरून सेटचा काळ ठरवायला मदत होते.

कोकणवारा

अतिशय उपयुक्त लेखन. आमच्या रत्नागिरीजवळच्या घरात आजोबांचा टेबल सेट आहे. आपण सांगितल्याप्रमाणे क्रमांक वाचले: यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२ आणि यूवाय ८५. म्हणजे हा एसी-डीसी सेट झाला. घरातील मोठी माणसे सांगतात, की या रेडिओचे बटण फिरवताना कधीकधी बोटाला झिणझिण्या येत असत आणि पावसाळ्यात ते जास्त जाणवे. याचा अर्थ काय घ्यावा? आतल्या तारांवर खाऱ्या हवेने हिरवट थर आलेला दिसतो. दोन पिनांचा जुना प्लग काढून तीन पिनांचा लावावा आणि चेसिसला अर्थिंग करून टाकावे असे एका परिचितांनी सुचवले आहे. करू का?

मध्यमलहरी (धागालेखक)

चेसिसला अर्थिंग अजिबात करू नका, आणि हे उत्तर वाचेपर्यंत त्या सेटला वीजही देऊ नका.

एसी-डीसी सेटमध्ये मेन्सची एक तार थेट चेसिसला जोडलेली असते. त्या काळी काही शहरांच्या काही भागांत घरांना डीसी वीज मिळे आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही, म्हणून ही रचना आली. पुढे ती स्वस्त पडते म्हणून टिकली. प्लग एका बाजूने घातला तर चेसिसवर न्यूट्रल येते, उलटा घातला तर फेज. म्हणजे अर्ध्या वेळा तो संपूर्ण पत्रा २३० व्होल्टवर असतो, आणि आपल्याला त्यापासून दूर ठेवणाऱ्या वस्तू म्हणजे लाकडी पेटी, मागचा पुठ्ठा आणि बेकेलाइटची बटणे एवढ्याच. बटणांच्या आत जो छोटा पेचाचा स्क्रू असतो त्याच्या खाचेवर पूर्वी कारखान्यात मेण भरलेले असे. ते मेण पडून गेले, की बोट त्या स्क्रूला, स्क्रू दांड्याला आणि दांडा चेसिसला लागतो. झिणझिण्यांचे हेच कारण असावे. पावसाळ्यात पाय ओले आणि फरशी दमट असल्याने त्या अधिक जाणवत असतील. अशा चेसिसला अर्थ जोडले आणि तिच्यावर फेज आली, तर ती सरळ फेज आणि अर्थ यांची गाठ ठरते.

हा प्लग उलटसुलट बसणार नाही असा लावा, चेसिसकडची तार न्यूट्रलला येईल अशी जोडा आणि तिसरी पिन रिकामी ठेवा. मात्र त्यावर विसंबून आत हात घालू नका. सॉकेटातच फेज-न्यूट्रल उलटे जोडलेली घरे पुष्कळ आहेत. शिवाय व्हॉल्यूमच्या बटणावरचा स्विच काही सेटमध्ये फक्त चेसिसकडची तार तोडतो. तेव्हा सेट बंद असतानाही फिलामेंटच्या साखळीतून फेज चेसिसपर्यंत पोहोचते. कामाच्या टेबलावर अशा सेटसाठी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच, म्हणजे २३० व्होल्ट आत आणि २३० व्होल्ट बाहेर, पण दोन्ही गुंडाळ्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या. शंभर व्हीएचा पुरेसा होतो. तो मिळेपर्यंत थांबावे.

आपल्या सेटच्या फिलामेंटचा हिशेब पाहा. 'यू' मालिकेचे सर्व व्हॉल्व्ह १०० मिलिअँपिअरचे असतात आणि एकापुढे एक जोडलेले असतात. यूसीएच ८१ चे १९ व्होल्ट, यूबीएफ ८९ चे १९, यूसीएल ८२ चे ५० आणि यूवाय ८५ चे ३८, मिळून १२६. उरलेले १०४ व्होल्ट एका मोठ्या वायरवाउंड रेझिस्टरवर, म्हणजे ड्रॉपरवर, पडतात. म्हणजे तो सुमारे १०४० ओहमचा असतो आणि दहा वॉटहून अधिक उष्णता सोडत राहतो. त्या ड्रॉपरच्या शेजारचे मेणाचे कंडेन्सर वितळलेले आणि तारांची आवरणे काळी पडलेली आढळतील. तिथली एकही तार जुनी ठेवू नका.

सांगलीकर

धागालेखकांनी मांडलेला क्रम योग्य आहे. मी पूर्वी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात काम केले आहे, त्या अनुभवावरून एका गोष्टीवर विशेष भर देतो. आय.एफ. (इंटरमीडिएट फ्रीक्वेन्सी, म्हणजे सेटच्या आत प्रत्येक केंद्राचा सिग्नल ज्या एका फ्रीक्वेन्सीवर आणला जातो ती) ट्रान्सफॉर्मरच्या डब्यांवर जे पेच दिसतात त्यांना हात लावू नये. सेट वाजत नाही म्हणून ते पेच फिरवून बघण्याची इच्छा होते, पण ते कारखान्यात एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला बसवलेले असतात. काही सेटमध्ये ती ४५५ किलोहर्ट्झ असते, काहींत ४५२, तर काहींत ४७०. सिग्नल जनरेटर आणि त्या मॉडेलच्या सर्किटचा नकाशा हाताशी नसताना ते हलवले, की मुळात कंडेन्सरचा असलेला साधा दोष झाकला जातो आणि वर अलाइनमेंटचा (जुळवणीचा) नवा दोष तयार होतो. शिवाय जुने फेराइटचे गाभे साध्या स्क्रूड्रायव्हरने तडकतात. तडकलेला गाभा डब्यात अडकून बसला, की पूर्ण डबा बदलण्यावाचून मार्ग राहत नाही.

आम्ही दुकानात शेवटाकडून सुरुवात करीत असू. प्रथम स्पीकर आणि आऊटपुट. सेट बंद करून आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजावा. काहीशे ओहम दाखवला तर ती शाबूत आहे. प्रायमरी तुटलेली असताना सेट चालू ठेवणे घातक असते, कारण प्लेटला दाब मिळत नाही आणि सगळा प्रवाह स्क्रीन ग्रिडवर लोटतो. आतली ती जाळी लाल झालेली डोळ्यांना दिसते, आणि थोड्याच वेळात व्हॉल्व्ह संपतो. आऊटपुट ठीक असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकावर सिग्नल द्यावा, मग डिटेक्टर (सिग्नलमधून आवाज वेगळा करणारा भाग), मग आय.एफ., आणि सर्वांत शेवटी एरियल. असे मागे मागे सरकत गेले, की आवाज जिथे थांबतो तिथेच दोष असतो.

दुसरे, जुने कार्बन रेझिस्टर. वर्षांनुवर्षे त्यांची किंमत वाढत जाते. २२० किलोओहमचा तीनशेच्या पुढे गेलेला आढळणे ही रोजची गोष्ट होती. लिहिलेल्या किमतीपेक्षा वीस टक्क्यांहून अधिक सरकलेला रेझिस्टर मी बदलतो, त्याआतला राहू देतो. सरसकट सगळे बदलण्याच्या मी विरुद्ध आहे. एका बैठकीत तीस जोड उघडून पुन्हा सोल्डर केले, की चुकीची तार चुकीच्या जागी जाण्याची शक्यता वाढते आणि नंतर दोष मुळातला की आपण आणलेला हे समजत नाही. एक भाग बदलावा, मोजावे, मग पुढचा घ्यावा.

आणि सेट बंद केल्यावर फिल्टर कंडेन्सरमध्ये चार्ज शिल्लक असतो. पाच वॉटच्या एक किलोओहम रेझिस्टरने तो चेसिसकडे उतरवावा आणि मीटरवर शून्य पाहिल्याशिवाय बोट आत नेऊ नये.

हिरवा डोळा

एसी-डीसी सेटच्या ड्रॉपरबद्दल एक पर्याय सुचवतो. तो दहा वॉटचा रेझिस्टर जळलेला असेल, किंवा त्याच्या उष्णतेने पेटी खराब होत असेल, तर त्याच्या जागी कंडेन्सर बसवता येतो. कंडेन्सरवर पडणारा दाब फिलामेंटच्या दाबाशी काटकोनात असल्याने सरळ वजाबाकी चालत नाही. २३० चा वर्ग वजा १२६ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ १९२ व्होल्ट. १०० मिलिअँपिअरला म्हणजे १९२० ओहमच्या आसपास रिॲक्टन्स (एसीला होणारा अडथळा), आणि ५० हर्ट्झला सुमारे १.६५ मायक्रोफॅरड. एसी रेटिंगचे १.५ आणि ०.१५ असे दोन समांतर जोडले की काम होते, उष्णता जवळजवळ शून्य. चालू करतानाही फायदा आहे: थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स फार कमी असतो, पण कंडेन्सर १२० मिलिअँपिअरच्या फारसा पुढे प्रवाह जाऊ देत नाही.

जाता जाता मॅजिक आयविषयी, म्हणजे केंद्र नीट लागले की नाही हे हिरव्या प्रकाशाने दाखवणाऱ्या व्हॉल्व्हविषयी. ईएम ३४, ईएम ८०, ईएम ८४ यांचा हिरवा प्रकाश मंद झाला असेल तर तो पुन्हा उजळत नाही. आतला फॉस्फर झिजलेला असतो. दाब वाढवून उजळवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात, त्यांनी आयुष्य आणखी घटते. ईएम ८० ला रशियन ६ई१पी हा जवळचा पर्याय आहे. ईएल ८४ साठीही रशियन ६पी१४पी चालतो. अमेरिकन नावेही लक्षात ठेवावीत, कारण पुष्कळदा माल त्या नावाने मिळतो: ईसीएल ८२ म्हणजे ६बीएम८, ईएल ८४ म्हणजे ६बीक्यू५, ईसीएच ८१ म्हणजे ६एजे८. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले 'बीईएल' छापाचे व्हॉल्व्ह पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या जुन्या दुकानांत अजूनही पेटीबंद सापडतात, आणि ते उत्तम असतात.

सांगलीकर

कंडेन्सरच्या ड्रॉपरचे गणित बरोबर आहे, परंतु नवशिक्यांसाठी तीन गोष्टी जोडतो. त्याच्या दोन टोकांवर ४७० किलोओहमचा रेझिस्टर हवा, नाहीतर एखाद्या व्हॉल्व्हचे फिलामेंट तुटले तर कंडेन्सर भरलेला राहतो. मालिकेत ४७ ते १०० ओहमचा एक वायरवाउंड रेझिस्टर हवा, कारण चालू करण्याच्या नेमक्या क्षणी मेन्स शिखरावर असेल तर पहिला झटका कंडेन्सर अडवत नाही. आणि पंख्याचा अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घरात पडलेला आहे म्हणून तो लावू नये. या साखळीत तो सुमारे १२८ मिलिअँपिअर सोडेल, आणि पावपट जादा प्रवाहावर फिलामेंट फार काळ टिकणार नाहीत.

मूळ ड्रॉपर शाबूत असेल तर मी तोच ठेवीन.

न्यूजर्सीकर

इथल्या गराज सेलमध्ये पाच व्हॉल्व्हचे अमेरिकन टेबल सेट सहज मिळतात आणि सुट्टीत येताना भारतात घेऊन जाण्याचा मोह अनेकांना होतो. त्यांच्यासाठी लिहितो. त्यांतली नेहमीची मालिका म्हणजे १२बीई६, १२बीए६, १२एव्ही६, ५०सी५ आणि ३५डब्ल्यू४. फिलामेंटची बेरीज सुमारे १२३ व्होल्ट होते, म्हणून इथल्या मेन्सवर ड्रॉपरच लागत नाही. तो सेट भारतातल्या सॉकेटात थेट लावला तर साखळीतले सर्वांत दुबळे फिलामेंट तत्काळ तुटते. स्टेपडाऊन घेताना लक्षात ठेवावे, की बाजारातले बहुतेक छोटे स्टेपडाऊन ऑटोट्रान्सफॉर्मर असतात. ते दाब कमी करतात, पण मेन्सपासून वेगळे करत नाहीत. चेसिस जिवंत राहते ती राहतेच. दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा ट्रान्सफॉर्मर मागून घ्यावा.

ज्या अमेरिकन सेटमध्ये स्वतःचा मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे, तिथे प्रश्न वेगळा असतो. तो ६० हर्ट्झसाठी बनवलेला असतो आणि ५० हर्ट्झवर त्याचा गाभा अधिक तापतो. दाब थोडा कमी ठेवून, तासभर हात लावून पाहावे.

जुनाबाजार

मी जुन्या वस्तूंचा व्यवहार करतो. माझा प्रश्न प्रामाणिक आहे. आकाशवाणीची मध्यमलहरींची अनेक केंद्रे बंद होत आहेत, लघुलहरींवर पूर्वीसारखे काही राहिलेले नाही, आणि घराघरांत एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर इतकी खरखर करतात की जे आहे तेही ऐकू येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ ग्राहकांना पेटी हवी असते, आत ब्लूटूथचा स्पीकर हवा असतो. मग चेसिस काढून टाकली तर बिघडले कुठे? निदान पेटी तरी कुणाच्या दिवाणखान्यात राहते, भंगारात जात नाही.

मध्यमलहरी (धागालेखक)

आपल्या प्रश्नाचे उत्तर मी आवर्जून देतो, कारण माझ्या दृष्टीने या छंदाचा गाभाच तो आहे.

पेटी ही रेडिओचा सर्वांत सोपा भाग आहे. ती आजही कोणताही चांगला सुतार बनवू शकेल. चेसिस पुन्हा बनणार नाही. तिच्यावरचा गँग कंडेन्सर (केंद्र लावताना ज्याच्या पट्ट्या फिरतात तो), कॉइलचा संच, बँड स्विच, डायलची दोरी फिरवणाऱ्या कप्प्या, हाताने केलेले जोड, हे सर्व ज्या कारखान्यांत तयार झाले ते आता ते काम करीत नाहीत. ठाण्यात, मुंबईत, कोलकात्यात हजारो हातांनी जे कौशल्य कमावले त्याचा पुरावा त्या पत्र्याच्या खालच्या बाजूला आहे. जो सेट पूर्णपणे दुरुस्त होऊ शकतो त्याची चेसिस काढून टाकणे मला मान्य नाही. पेटीतून किडीचा भुगा सांडत असेल, चेसिस गंजून आरपार गेली असेल, तर गोष्ट निराळी; तशा सेटमधून निघालेले भाग इतर सेट जगवतात, आणि मी आपल्याला विनंती करीन की काढलेली चेसिस भंगारात न देता कुणा छंदी माणसाला द्यावी.

ऐकायला काय उरले, याविषयी. केंद्रे कमी झाली हे खरे आहे, पण संपलेली नाहीत. जुन्या डायलवर मीटर छापलेले असतात, म्हणून लोकांना केंद्र सापडत नाही आणि सेट बिघडला असे वाटते. ३,००,००० ला किलोहर्ट्झने भागले की मीटर मिळतात: पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारे ३७९ मीटर, मुंबईचे ५५८ म्हणजे सुमारे ५३८ आणि १०४४ म्हणजे २८७, सांगलीचे १२५१ म्हणजे २४०. डायलवर छापलेल्या शहरांच्या नावांवर विसंबू नये, कारण १९७८ च्या नोव्हेंबरात मध्यमलहरींचे आंतरराष्ट्रीय वाटप बदलून नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या टप्प्यांवर आले आणि त्याआधीचे डायल त्या वाटपाला धरून नाहीत. खरखरीवर उपाय सोपा आहे: रेडिओच्या वेळी खोलीतला एलईडी दिवा आणि चार्जर बंद ठेवावा, आणि एरियल घराबाहेर न्यावी. पूर्वी भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेली तांब्याची जाळीची एरियल घरोघर असे. ती आजच्या खोलीत खरखरही तितकीच गोळा करते. त्यापेक्षा गच्चीवर दहा-पंधरा मीटर साधी तार आणि तिच्यापासून खाली येणारी शील्डेड केबल चांगले काम करते.

आणि ग्राहकाला फोनवरची गाणीच हवी असतील, तरी चेसिस काढावी लागत नाही. बहुतेक सेटच्या मागे ग्रामोफोनसाठी 'पिकअप' असे सॉकेट आहे. फोनच्या डाव्या-उजव्या आवाजाच्या तारा प्रत्येकी एक-दोन किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र करून तिथे जोडल्या, की तो आवाज ईएल ८४ मधून आणि मूळ स्पीकरमधून बाहेर येतो. मूळ सर्किटाला धक्का लागत नाही आणि हवे तेव्हा सर्व काढता येते. एकच अट, आणि ती मोडल्यास जीव जाऊ शकतो: हे फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर असलेल्या सेटवर करावे. एसी-डीसी सेटच्या पिकअपला फोन जोडणे म्हणजे फोनच्या पत्र्यावर मेन्स आणणे. ग्राहकाला विकताना कृपया ही गोष्ट लेखी सांगावी.

जुनाबाजार

पिकअपची कल्पना मला ठाऊक नव्हती. काढून ठेवलेल्या काही चेसिस माझ्या गोदामात आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवावा. अशी लाकडी पेटी स्वच्छ करण्याची योग्य पद्धत कोणी सांगेल का? आमचे कारागीर सरळ पॉलिश पेपर मारतात.

चपडा

पॉलिश पेपर मारू नये. त्या पेट्यांवर वरचा लाकडी पापुद्रा मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, आणि कोपऱ्यावर दोन हात फिरले की खालचे प्लायवूड दिसते. आधी कोमट पाण्यात पिळून काढलेले फडके आणि अगदी थोडा साबण, मग कोरडे पुसणे. जुन्या सेटवरचे पॉलिश चपड्याचे (लाखेचे) आहे का, ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने कोपऱ्यात पाहावे. ते विरघळून चिकट झाले तर नव्याने चपडा-स्पिरिटचेच पातळ थर द्यावेत. काहींवर लॅकर असते, ते विरघळत नाही. तिथे फक्त मेण घासावे. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश चढवले तर काचेसारखी चमक येते आणि पेटी नवी वाटते, पण ते पुन्हा काढता येत नाही.

डायलच्या काचेला आतल्या बाजूने मुळीच हात लावू नये. अक्षरे आतून छापलेली असतात आणि ओल्या बोळ्याबरोबर निघून येतात. बाहेरची बाजू पुसावी. आत फक्त मऊ कोरडा ब्रश.

कोकणवारा

सर्वांच्या मार्गदर्शनानुसार काम केले, त्याचा वृत्तान्त देतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पुण्यातून मागवला. कपलिंग कंडेन्सर काढण्यापूर्वी मुद्दाम मोजले: यूसीएल ८२ च्या ग्रिडवर अधिक अकरा व्होल्ट होते, नवा घातल्यावर शून्य. ड्रॉपर शाबूत निघाला, त्याच्याजवळच्या तारा सर्व बदलल्या. फिल्टर कंडेन्सर सावकाश चार्ज केला, तो टिकला. बटणांच्या स्क्रूंवर मेण भरले. सिरीज लॅम्प मंद झाला आणि मिनिटभरात स्पीकरमधून गुणगुण आली. रात्री डायलच्या वरच्या टोकाला, म्हणजे दोनशे ते तीनशे मीटरच्या दरम्यान, बरीच केंद्रे स्वच्छ लागतात. मात्र चारशे मीटरच्या पुढे संपूर्ण शांतता असते. खरखरसुद्धा एकदम कमी होते. आय.एफ.च्या पेचांना हात लावलेला नाही.

सांगलीकर

हात लावला नाहीत हे फार चांगले केलेत, कारण दोष तिथे नसावा. डायलच्या एका भागात केंद्रे येतात आणि एका बिंदूनंतर एकदम सर्व थांबते, तेव्हा लोकल ऑसिलेटर (केंद्राचा सिग्नल आय.एफ.वर आणण्यासाठी सेटमध्येच लहर तयार करणारा भाग) त्या बिंदूपाशी बंद पडतो असा संशय घ्यावा. यूसीएच ८१ मधला हे काम करणारा ट्रायोड भाग अशक्त झाला की तो लांब लहरींच्या बाजूला आधी दमतो.

खात्री करायला कोणतेही उपकरण नको. शेजारी एक ट्रान्झिस्टर रेडिओ मध्यमलहरींवर लावून ठेवा. आपला ऑसिलेटर केंद्राच्या फ्रीक्वेन्सीपेक्षा आय.एफ.इतका वर चालतो. आय.एफ. ४५५ धरली, तर मोठ्या सेटचा काटा ३७९ मीटरवर, म्हणजे ७९२ वर ठेवल्यावर ट्रान्झिस्टरवर १२४७ च्या जवळ एक मुका कॅरिअर (आवाजाविना नुसती लहर) सापडेल. तिथे खरखर दबते, किंवा एखादे केंद्र असेल तर शीळ येते. आता काटा सावकाश लांब लहरींकडे न्या आणि ट्रान्झिस्टर त्याच्या मागोमाग खाली आणत राहा. चारशेच्या पुढे तो कॅरिअर नाहीसा झाला, तर ऑसिलेटर थांबला हे नक्की.

तसे झाल्यास प्रथम त्या ट्रायोडच्या प्लेटचा रेझिस्टर मोजा, तो वाढलेला असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष असू शकतो. मग सॉकेटच्या पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. खाऱ्या हवेत तिथे हमखास थर चढतो. त्यानंतरही थांबत असेल तर दुसरा यूसीएच ८१ घालून पाहा. अमेरिकन नावाने तो १९डी८ म्हणून मिळतो. आणि कॅरिअर शेवटपर्यंत टिकून राहिला, तर मात्र गँगच्या पट्ट्या अर्ध्यापुढे आत जाताना एकमेकींना टेकत आहेत का ते उजेडात धरून पाहा.